एका फॉरवर्डचा प्रवास: समलिंगी लोकांविरुद्धचं बोलणं हिंसेपर्यंत कसं पोचतं

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात अजून एक जुना हिंचका आहे, पितळी कड्यांचा. बडोद्याच्या मराठी घरांनी गुजरातकडून जे मनापासून घेतलं त्यात हिंचका पहिला आणि वरणातला गूळ दुसरा. मागच्या गणपतीत, पाचव्या दिवशीची आरती झाल्यावर, शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या हिंचक्यावर मोबाइल बघत बसला होता. एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाचा अंगठा फरशीला लावून हलका झोका चाललेला. कड्यांची करकर सुरू होती, ती एकदम थांबली. मी प्रसादाच्या वाट्या भरत होते. आवाज थांबला म्हणूनच मान वर केली. मुलगा तसाच बसलेला, अंगठा फरशीवर घट्ट रोवलेला.

नंतर फोन हातात घेतला तेव्हा कारण कळलं. वाड्याच्या ग्रुपवर आम्ही ६४ जण आहोत. त्यात पुण्या-मुंबईला गेलेले आणि परदेशात स्थिरावलेलेही आले. तिथे एक हिंदी मजकूर आला होता. समलिंगी म्हणजे बाहेरून आलेला रोग, हे लोक लहान मुलांना नादी लावतात, असल्यांना सोसायटीत घर देऊ नका, आणि शेवटी ‘समाज आता तरी जागा झाला नाही तर’ असं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य. पाठवणारे आमच्या समोरचे काका. रेल्वेतून निवृत्त झालेले, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या बाळगणारे, वाड्यातल्या कुठल्याही पोराच्या तापाला रात्री दोनला रिक्षा शोधून आणणारे. मजकुराखाली तीन हसरे चेहरे, एक जोडलेले हात. मग कुणीतरी मोदकांचे फोटो टाकले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, “काका, तुम्हाला हे खरं वाटतं?”

काका लीलो चेवडो खात होते. “अगं, खरंखोटं कोण बघत बसतं? आलं म्हणून पुढं ढकललं.”

मी वकिली करते. न्यायमंदिरातून कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं तेव्हा आमच्या फायलींबरोबर माझी पाठदुखीही तिकडे गेली. पण हा लेख कायद्याचा नाही, किंवा फारच थोडा आहे. ‘नुसत्या बोलण्याने काय होतं? कुणी मारलं का?’ असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्याचं उत्तर काकांच्या ‘पुढं ढकललं’मध्ये आहे असं मला वाटतं. म्हणून आधी ते सांगितलं.

आपल्या डोक्यात या गोष्टीचं एक ठोकळ चित्र असतं: एक माणूस व्यासपीठावरून विष ओकतो, ऐकणाऱ्याचं मत बदलतं, मग ऐकणारा काठी उचलतो. असं क्वचितच होतं. माणसाचं मत एका भाषणाने बदलत नाही. बदलत असतं तर निवडणुकीच्या सभांना गेलेला प्रत्येक जण दर आठवड्याला पक्ष बदलता. बोलण्याने बदलतो तो अंदाज. आपल्या भोवतालचे लोक काय चालवून घेतील, कशाला हसतील, कशाला मध्ये पडतील, याचा प्रत्येकाच्या मनात एक हिशोब सतत चालू असतो, तो बदलतो.

रात्री अकराला काळाघोडा चौकात सिग्नल लाल असतो. सगळे थांबलेले. एक स्कूटर निघते. मग दुसरी. तिसऱ्याला तर वाटतं आपणच मूर्ख. या तिघांचं वाहतुकीच्या नियमाबद्दलचं मत बदललेलं नसतं. त्यांना फक्त एवढं कळलेलं असतं की इथे कुणी हटकत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत २६ जून २०१५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. मार्गारेट टँकर्ड आणि एलिझाबेथ पॅलक या दोन संशोधकांनी निकालाच्या आधी आणि नंतर लोकांना विचारून पाहिलं. लोकांची स्वतःची मतं जवळपास होती तिथेच राहिली. पण ‘इतर लोकांचं काय मत असेल’ याचा त्यांचा अंदाज हलला. आता बहुतेकांना हे मान्य असणार, असं त्यांना वाटायला लागलं. हा चांगल्या दिशेने बदललेला हिशोब. उलट दिशेनेही तो असाच बदलतो, आणि त्याला न्यायालयाची गरज लागत नाही. विनोद पुरतो.

विनोदाबद्दल थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: एखाद्या गटाची टिंगल करणारा विनोद ऐकून सरळ माणूस वाकडा होत नाही. पण ज्याच्या मनात आधीपासून अढी आहे, त्याला तो विनोद मोकळीक देतो. ‘इथे हे गंभीरपणे घ्यायचं नसतं’ असा इशारा त्याला मिळतो, आणि एरवी दाबून ठेवलेलं वागणं वर येतं. मंडळाच्या कार्यक्रमात कंबर हलवत येणारं, ‘बायल्या’ म्हणून हाकारलं जाणारं पात्र आठवा. प्रेक्षकांतले शंभरजण हसून घरी जातात आणि विसरतात. दोघं-तिघं विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांना एक नवा शब्द सापडलेला असतो आणि तो कुणाला लावायचा हेही ठरलेलं असतं.

आता वाड्याच्या ग्रुपकडे परत येते. ६४ जण. चौघांनी काहीतरी उमटवलं, एकाने पाठवलं, उरले ५९. हे ५९ गप्प का होते? कुणी वाचलंच नाही. कुणाला पटलं नाही पण सणासुदीला वाद नको. कुणाला काकांचा मान. कुणी माझ्यासारखं, जे नंतर बोलू म्हणून राहून गेलं. गप्प राहण्याची कारणं साठ प्रकारची असतात, पण ऐकू येताना त्यांचा आवाज एकच येतो: होकाराचा. हिंचक्यावरच्या मुलाने ६४ माणसं एका बाजूला मोजली. तो कोण आहे, कसा आहे, मला माहीत नाही आणि ते शोधून काढणं माझं काम नाही. पण समजा तोच मजकूर, तेवढ्याच वेळी, दुसऱ्या एखाद्या मुलानेही वाचला असेल, ज्याचे हात आधीच कुणाला तरी झोडायला शिवशिवतायत. त्याच मजकुरातून एकाला कळलं की आपण एकटे आहोत, आणि दुसऱ्याला कळलं की आपण एकटे नाही.

हे सिद्ध कसं करायचं? मारहाण करणारा काही ‘अमुक तारखेच्या फॉरवर्डवरून’ असं जबाबात लिहून देत नाही. शिवाय जिथे द्वेष जास्त तिथेच द्वेषाचं बोलणंही जास्त, मग कोंबडी आधी की अंडं? या पेचातून काही संशोधकांनी वाट काढली ती मला फार आवडते. रवांडात १९९४ च्या नरसंहाराच्या काळात आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन ज्यांचा संहार चालला होता त्या तुत्सी लोकांना झुरळं म्हणत असे. रवांडा डोंगराळ देश. काही गावांत रेडिओ लागायचा, शेजारच्याच गावात मध्ये टेकडी आली म्हणून लागायचा नाही. टेकडी काही द्वेष बघून उभी राहिलेली नसते. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थतज्ज्ञाने अशी गावं शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि २०१४ मध्ये मांडलं की हिंसेतला साधारण दहा टक्के सहभाग त्या रेडिओमुळे होता. यावर आक्षेपही घेतले गेले, आकडा खाली-वर होऊ शकतो. पण लक्षात घ्या, दहा टक्के म्हणजे उरलेल्या नव्वद टक्क्यांची कारणं वेगळी होती. बोलणं हे एकमेव कारण कधीच नसतं. आधीच सुकलेल्या गवतावर ती ठिणगी असते.

जर्मनीतला अभ्यास आणखी जवळचा. कार्स्टन म्यूलर आणि कार्लो श्वार्झ यांना दिसलं की फेसबुकवर निर्वासितांविरुद्धच्या पोस्ट वाढल्या की जिथे फेसबुक जास्त वापरलं जातं तिथे निर्वासितांवर हल्लेही वाढतात. मग त्यांनी इंटरनेट किंवा फेसबुक बंद पडलेले आठवडे पाहिले. त्या आठवड्यांत तो संबंध पुसला गेला. ही दोन्ही उदाहरणं समलिंगी लोकांची नाहीत, पण यंत्र तेच आहे. पट्ट्यावर कुणाला ठेवायचं एवढाच फरक.

त्या हिंदी मजकुरात तीन पालुपदं होती, आणि जगभर हीच तीन सापडतात. ‘रोग’ हे त्यातलं सगळ्यात जुनं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली; भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच स्पष्ट केलं. पण रोग म्हणण्याचा वैद्यकाशी संबंधच नसतो. रोगाशी आपण काय करतो? दूर ठेवतो, झाकतो, निपटून काढतो. शब्दच कामाची दिशा सांगून जातो. ‘बाहेरून आलेलं’ याचं तर हसू येतं. बाहेरून आला तो कायदा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेल्या १८६० च्या दंडसंहितेतून. आपल्याकडे चित्रकार भूपेन खख्खर होते. मुंबईचे, पेशाने हिशेबनीस, १९६२ मध्ये बडोद्याला आले आणि २००३ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. पुरुषा-पुरुषांतलं प्रेम त्यांनी ऐंशीच्या दशकात कॅनव्हासवर उघड रंगवलं, कलम ३७७ डोक्यावर असताना. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या घरात त्यांचं नाव अभिमानाने निघायचं आणि चित्रांचा विषय निघाला की आवाज खाली जायचा.

तिसरं पालुपद ‘मुलांना सांभाळा’. हे सगळ्यात धोकादायक, म्हणून इथे जरा थांबते. १९७७ मध्ये अमेरिकेत, मायामी शहर ज्या डेड काउंटीत आहे तिथे, समलिंगी लोकांना नोकरीत आणि घर भाड्याने देण्यात भेदभाव नको असा नियम झाला. अनिता ब्रायंट नावाची गायिका, संत्र्याच्या रसाच्या जाहिरातींतला घरोघरी ओळखीचा चेहरा, त्याविरुद्ध उभी राहिली. मोहिमेचं नावच ‘आमच्या मुलांना वाचवा’. ७ जूनला मतदान होऊन नियम रद्द झाला. दोन आठवड्यांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोत, रॉबर्ट हिल्सबरो या नगरपालिकेच्या माळ्याला काही तरुणांनी शिव्या देत भोसकून मारलं. त्याच्या आईने ब्रायंटवर दावा लावला. तो टिकला नाही. टिकणारही नव्हता, ब्रायंटने कुणालाही चाकू दिला नव्हता आणि मारा असंही म्हटलं नव्हतं. पण मुलांच्या रक्षणाची भाषा काय करते ते इथे दिसतं. मारणारा स्वतःला गुंड समजत नाही, राखणदार समजतो. राखणदाराला अपराधी वाटत नाही, त्याला शाबासकी हवी असते.

(पोक्सोची प्रकरणं हाताळणारा कुठलाही वकील सांगेल की आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा. मुलांची खरोखर काळजी असेल तर नजर कुठे ठेवायची हे उघड आहे, पण त्याचा फॉरवर्ड बनत नाही.)

आपल्या जवळची गोष्ट सांगायची तर राजपीपळा. बडोद्याहून दोन तासांच्या आतलं गाव. तिथल्या पूर्वीच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल, समलिंगी पुरुषांसाठी काम करणाऱ्या लक्ष्य ट्रस्टचे एक संस्थापक, यांनी मार्च २००६ मध्ये एका गुजराती दैनिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. घरच्यांनी जाहीर नोटीस देऊन संबंध तोडले. पुतळा जाळण्यात कुणालाच इजा होत नाही, म्हणून आपण ते निषेधाच्या खात्यात टाकतो, आणि कायद्याने ते बहुधा बरोबरही आहे. तरी पुतळा जळताना जमलेला प्रत्येक माणूस आजूबाजूला बघत असतो: किती आले, पोलिसांनी काय केलं, दुकानदारांनी शटर ओढली की चहा पाजला. ही मोजदाद झालेली असते. पुढच्या वेळी पुतळ्याच्या जागी माणूस असेल तर काय होईल याचा अंदाज त्या संध्याकाळी गावात बसलेला असतो. गोहिल टिकले, आणि त्यांनी पुढे याच लोकांसाठी स्वतःच्या जागेत निवाऱ्याची सोयही उभी केली. पण त्यांच्यामागे नाव होतं, जमीन होती. रावपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या मागे काय असतं?

युगांडातली मोजदाद याहून भयंकर होती. कंपालात ऑक्टोबर २०१० मध्ये एका साप्ताहिकाने समलिंगी म्हणून लोकांची नावं आणि फोटो छापले, वर मथळ्यात ‘त्यांना फाशी द्या’. फोटो छापलेल्यांपैकी डेव्हिड काटो आणि आणखी दोघं कोर्टात गेले आणि जिंकले. काही आठवड्यांतच, २६ जानेवारी २०११ ला, काटोंचा त्यांच्या घरात हातोड्याने खून झाला. पोलिसांनी सांगितलं की याचा त्यांच्या कामाशी संबंध नाही, वैयक्तिक कारण आहे. एकाला तीस वर्षांची शिक्षाही झाली. मी वकील म्हणून म्हणेन की त्या मथळ्यानेच खून झाला हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. त्याच दमात हेही म्हणेन की ज्याचा फोटो आणि पत्ता ‘फाशी द्या’खाली छापून झालाय, त्याच्यावर हात टाकणं स्वस्त पडतं. कारण काहीही असो. चोराला, खंडणीखोराला, जुन्या वैऱ्याला, सगळ्यांनाच.

‘स्वस्त पडतं’ म्हणजे काय ते माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका माणसाने मला शिकवलं. तपशील बदलून सांगते. अ‍ॅपवर ओळख, भेटायला बोलावणं, खोलीत आणखी तिघं हजर. कपडे काढायला लावून व्हिडिओ, मग फोनवरून पैसे. पहिल्यांदा आठ हजार, मग दर महिन्याला. तो माझ्याकडे आला तेव्हा तीनदा पैसे देऊन झाले होते. मी त्याला समजावलं: ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. तू गुन्हेगार नाहीस, ते आहेत. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, खंडणी, सरळ लागतं. तो सगळं ऐकून म्हणाला, “ताई, कायदा तुम्हाला माहीत आहे, माझ्या बाबांना नाही.” तक्रार दिली नाही. त्या चौघांना हेच पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कधी कुठलं भाषण ऐकलं असेल असं मला वाटत नाही; पण भाषणांनी जी लाज पेरली तिचं पीक ते कापत होते.

आणि बाबा. परदेशातल्या उदाहरणांत जमाव असतो, रस्ता असतो. आपल्याकडची बरीचशी हिंसा उंबऱ्याच्या आत असते. मुलीचा फोन काढून घेणं, कॉलेज बंद, पंधरा दिवसांत साखरपुडा. भगत, बुवा, नाहीतर ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, दोन तरुण मुली घरच्यांपासून संरक्षण मागायला आल्या होत्या त्या प्रकरणात, असल्या ‘उपचारां’वर बंदी घालायला सांगितलं, त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. पण आईबाप डॉक्टरकडे का जातात? मी ज्यांना भेटले त्यातल्या बहुतेकांना मुलाचा द्वेष नव्हता. त्यांना ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती होती. हे लोक म्हणजे कोण? वाड्याच्या ग्रुपवरचे ६४. काकांनी न वाचता ढकललेला मजकूर कुठल्यातरी बापाने लोकांचं लेखी मत म्हणून वाचलेला असतो.

श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची आठवण इथे काढायलाच हवी. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणारा माणूस, म्हणून आम्हा बडोदेकरांना जरा जास्तच आपला. मूळ नागपूरचे, अलीगढच्या विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कवी, निवृत्तीला काही महिने राहिलेले. ८ फेब्रुवारी २०१० ला कॅमेरा घेऊन काही लोक त्यांच्या घरात घुसले आणि दुसऱ्या पुरुषासोबत त्यांचं चित्रीकरण केलं. विद्यापीठाने घुसणाऱ्यांआधी त्यांनाच निलंबित केलं. संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं म्हणणारा, पुढे २०१३ मध्ये उलटवला गेलेला, दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल तेव्हा अस्तित्वात होता, म्हणजे त्यांनी गुन्हा केला असं म्हणायची सोय नव्हती. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. मृत्यू कसा झाला ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. मला राहून राहून त्या दाराचं वाटतं. एका प्राध्यापकाच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरताना त्या लोकांना आपण पकडले जाऊ असं वाटलं नाही, आपण पकडतोय असं वाटलं. ही खात्री कायद्याने दिलेली नव्हती.

मग कायदा काय करतो? थोडं. समाजगटांत वैर पसरवण्याचं जुनं कलम १५३अ आता न्याय संहितेत १९६ आहे. त्यात धर्म, वंश, भाषा, जात, समुदाय यांची नावं आहेत, लैंगिक कलाचं नाव नाही. ‘समुदाय’ शब्द ताणून बसवता येईल, पण ताणून बसवलेला शब्द पोलीस चौकीत रात्री दहाला उपयोगी पडत नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६७ व्या अहवालात नवं कलम सुचवलं होतं, त्यात लैंगिक कल आणि लिंगओळख दोन्ही शब्द होते. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा ते आत आलेले नव्हते. जमावाने केलेल्या खुनासाठी कलम १०३ मध्ये नवी तरतूद केली, त्यातही ते नाहीत. ‘तत्सम कारण’ या शेपटाला धरून युक्तिवाद करायचा. तृतीयपंथीयांसाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा झाला, पण त्यात शारीरिक वा लैंगिक छळालाही जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवली. यावर मी एरवी तासभर बोलू शकते, इथे सोडून देते.

दुसऱ्या बाजूचंही म्हणायला हवं. समलिंगी विवाह नको असं कुणी म्हणालं, धर्माला मान्य नाही असं म्हणालं, तर ते मत आहे. मला न पटणारं, पण मत. ते तुरुंगाने थांबवायची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन मोकळ्या, तिसरीवर कायदा हात घालू शकतो. अडचण एवढीच की हे वाक्याच्या शब्दांवरून ठरत नाही. ‘समाज जागा झाला पाहिजे’ हे वाक्य व्याख्यानमालेत एक असतं आणि जिथे कालच एका मुलाला चोप मिळालाय त्या गल्लीत वेगळं. कोण बोलतंय, कुणापुढे, कुठल्या दिवशी, ऐकणाऱ्याला दुसरं काही ऐकायला मिळतं का, हे बघावं लागतं. शाळकरी पोराच्या तोंडची शिवी आणि लाखभर माणसं ज्याच्या पाया पडतात त्याच्या तोंडची तीच शिवी यांत अर्थ एकच असला तरी वजन एक नाही. लाखातल्या एकानेच मनावर घेतलं तरी एक भरला. आणि व्यासपीठावरचा माणूस तेव्हा अगदी खरं सांगत असतो की मी कुणालाच काही करायला सांगितलं नव्हतं.

२०१८ च्या ३७७ च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी एक गोष्ट लिहिली, जी बातम्यांत फारशी आली नाही. सरकारने या निकालाला टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्रं यांतून वेळोवेळी व्यापक प्रसिद्धी द्यावी, कलंक कमी करण्याचे कार्यक्रम घ्यावेत आणि पोलिसांना प्रशिक्षण द्यावं. म्हणजे नुसता निकाल पुरत नाही, निकाल लागलाय हे शेजाऱ्यालाही माहीत आहे हे आपल्याला माहीत असावं लागतं, एवढं त्यांना कळलं होतं. मी रोज सकाळी भाजी निवडताना रेडिओ ऐकते. डेंग्यूची जाहिरात पाठ आहे.

ग्रुपवर मी बोलले ते अनंत चतुर्दशीनंतर, बऱ्याच उशिरा. लांबलचक काही नाही. दोन ओळी: ‘त्या दिवशीचा मजकूर खोटा आहे. हा आजार नाही आणि गुन्हाही नाही, आणि आपल्या वाड्यात असं कुणी राहात असेल तर त्याला घर सोडावं लागणार नाही.’ पाठवल्यावर फोन पालथा ठेवून कणीक मळायला घेतली, कारण हात थरथरत होते. पंचवीस वर्षं कोर्टात उभी राहतेय मी. ग्रुपवर काकांना खोटं ठरवताना हात थरथरले.

तासाभराने पाहिलं तर सात अंगठे. दोन तर हसऱ्या चेहऱ्यांपैकीच होते. काकांनी काही लिहिलं नाही, संध्याकाळी येऊन “रागावलीस का गं?” एवढं विचारून पेपरमिंटची गोळी ठेवून गेले.

त्या मुलाची आजी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. ग्रुपवरच्या ५९ गप्प लोकांपैकी एक. मला हाक मारून म्हणाली, “काय लिहिलंस तू? नातू सारखा तेच उघडून बघतोय.” मी वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, “आणि आधी काकांनी काय पाठवलं होतं? मी तेव्हा मोदकांचे फोटो बघायला ग्रुप उघडला होता. चष्मा नव्हता माझ्याजवळ.”